सर बघतील!

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण सांगतो. रविवार ते शनिवार पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात होतो, मुलाच्या स्काउट ट्रूपबरोबर, उन्हाळी कॅम्पला. पाठीत चमक आहे, पायांवर डासांनी नकाशा काढलाय. हे सगळं आपोआप बरं होईल. पण शनिवारी परतल्यावर पार्किंग लॉटमध्ये एक मित्र मुलाला घ्यायला आला आणि हसत म्हणाला, "तुमचं बरं आहे हो, तुम्हाला वेळ असतो!"

ते काही बरं होईना, म्हणून हे लिहितोय. ओळखीचे बरेच जण हा ब्लॉग वाचतात, काहींना टोचेल. टोचू दे. सुरुवात माझ्यापासूनच करतो.

आमच्या शाळेत शनिवारी स्काउट असायचं. खाकी गणवेश, गळ्यात स्कार्फ, खांद्याला शिट्टीची दोरी. वर्षातून एकदा 'खरी कमाई', म्हणजे आम्ही भेळ विकायची आणि सरांनी पैसे मोजायचे. शिबिराला एसटीने जायचो. आमच्यापैकी कुणाचे वडील कधी शिबिराला आले का? छे! स्टँडवर सोडलं, "सर, वेळ पडली तर कान पिळा हो," एवढं सांगितलं की त्यांचं काम संपलं. पुढचं सर बघतील.

हे 'सर बघतील' आपण पासपोर्टबरोबर जपून इकडे आणलं. पंचाईत अशी, की इथे सरच नाहीत.

आमचा स्काउटमास्टर विम्याच्या कचेरीत नोकरी करतो. वर्षाच्या मोजक्या रजेतला आठवडा तो आपल्या मुलांवर घालवतो, पगार शून्य, वर कॅम्पची फी स्वतः भरतो. आपण भरलेल्या फीमधून जेवण मिळतं, तंबू मिळतो, पोहणं, तिरंदाजी, प्रथमोपचार शिकवणारी माणसं मिळतात. रात्री तंबूंपाशी झोपणारं मोठं माणूस त्या फीत येत नाही. ते ट्रूपनेच न्यायचं असतं. ट्रूप म्हणजे कोण? आपणच की.

मी दोन वर्षं डिकी उघडून बॅग काढली, मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि कॉफी प्यायला गेलो. तिसऱ्या वर्षी, म्हणजे यंदा, मे महिन्यात पालकांची मीटिंग झाली. बुधवार ते शनिवार दुसरं मोठं माणूस मिळत नव्हतं. नियम सरळ आहे: एकवीस वर्षांवरची, रीतसर नोंदणी आणि प्रशिक्षण झालेली किमान दोन माणसं हवीत. नाहीतर सतराच्या सतरा मुलं बुधवारी घरी. खोलीत डझनभर पालक, त्यात आपले पाच. सगळ्यांना एकदम फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं. मलाही.

शेवटी कोपऱ्यातून एक हात वर आला. अडुसष्ट वर्षांचे आजोबा. त्यांचा नातू दोन वर्षांपूर्वीच ट्रूप सोडून गेलाय. म्हणाले, "मी येईन. फक्त गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, रात्री उठायला जरा वेळ लागतो."

मग कुठे माझा हात वर गेला.

आता बुधवार रात्रीची गोष्ट. दोनच्या सुमाराला एका तंबूतून दबून रडण्याचा आवाज आला. अकरा वर्षांचा, पहिल्यांदाच आलेला, आपल्यातलाच मुलगा. मी उठून निघालो आणि चार पावलांवर थांबलो. प्रशिक्षणात पहिलीच गोष्ट सांगतात: कुठल्याही मोठ्या माणसाने मुलाबरोबर एकट्याने असायचं नाही. परत फिरलो, स्काउटमास्टरला उठवलं. एका पायात चप्पल नसताना तो मुकाट्याने बाहेर आला. कंदिलाच्या उजेडात आम्ही तिघं बाकावर बसलो. मुलगा मला हळूच मराठीत म्हणाला, "काका, आजीला फोन लावाल?" मी त्याला सांगितलं, मीही पहिल्या शिबिरात रडलो होतो, तेव्हा तर फोनही नव्हता. स्काउटमास्टरला एक अक्षर कळत नव्हतं, तरी तो जांभया देत शेवटपर्यंत बसून राहिला. पाऊण तासाने मुलगा आपणहून झोपायला गेला.

त्या रात्री आम्ही दोघं नसतो तर? एकच माणूस असता, तर त्याने एक तर नियम मोडला असता, नाहीतर पोराला रडू दिलं असतं.

आणि हा नियम उगाच आलेला नाही. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे ८२ हजारांहून जास्त दावे पुढे आले, कित्येक तर अनेक दशकांपूर्वीचे. सुमारे २४६ कोटी डॉलरच्या भरपाईची योजना ठरली, एप्रिल २०२३ मध्ये संस्था दिवाळखोरीतून बाहेर आली. फेब्रुवारी २०२५ पासून तिचं नाव स्काउटिंग अमेरिका आहे. नाव बदलून इतिहास पुसला जात नाही, आणि पुसला जाऊही नये.

म्हणून कॅम्पच्या आधी प्रत्येक पालक विचारतो, "सेफ आहे ना हो?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण विचारायचं आणि गाडी वळवून निघून जायचं, हे रास्त नाही. संस्थेने नियम केला 'दोन माणसं', तर त्यातलं दुसरं माणूस आकाशातून पडणार आहे का? सुरक्षितता म्हणजे तुम्ही. तुम्ही नसाल तर तो नियम नुसता कागद.

यावरची उत्तरं मला पाठ आहेत, दोन वर्षं मीच देत होतो. "रजा भारतवारीला लागते." खरंय, माझीही लागते. पण आठवडा दोघातिघांत वाटून घेता येतो, दोन दिवस तर द्याल? "आम्हाला तंबू ठोकता येत नाही." मलाही येत नाही, तो मुलं ठोकतात. मोठ्यांचं काम डोकी मोजणं, औषधाच्या वेळा पाळणं आणि मुख्य म्हणजे गप्प बसणं. (भात करपताना दिसत असूनही गप्प बसणं हे सगळ्यात अवघड, आईशप्पथ!) "आपल्याला अशा कामाची सवय नाही." हे तर बोलूच नका. गणपतीत तीनशे पानं वाढणारे, सतरंज्या घालणारे, रात्री एकला भांडी घासणारे आपणच ना? मग ही मुलं काय परक्याची आहेत?

ज्यांना खरंच जमत नाही, म्हणजे शिफ्टची नोकरी आहे, घरात आजारपण आहे, एकट्याने मुलं वाढवतायत, त्यांच्याबद्दल हे मुळीच नाही. त्यांच्यासाठीच तर बाकीच्यांनी जायचं. मी बोलतोय ते मुलाचे बॅज मोजणाऱ्यांबद्दल. ईगलसाठी एकवीस लागतात, कॉलेजच्या अर्जात चांगलं दिसतं, हे आपल्याला तोंडपाठ. मुलगा ईगल व्हायला हवा, पण डास दुसऱ्याच्या बापाला चावायला हवेत!

असो. पार्किंग लॉटमध्ये मित्राला मी नुसतं हसून दाखवलं. रात्री दोन वाजता बाकावर बसलेलं पोर त्याचंच होतं. ते मी तिथे सांगितलं नाही, सांगायचं तर मुलगाच सांगेल. आता हे वाचत असशील तर एवढंच: पुढच्या उन्हाळ्यातली बुधवार ते शनिवारची जागा रिकामी आहे. प्रशिक्षण ऑनलाइन होतं, घरबसल्या. झोपायची पिशवी माझ्याकडे जास्तीची आहे, डासांचं औषधही देईन.

वेळ मलाही नसतो रे.