कारखान्याच्या दारात मिळालेली ओळख

२०२२ साली ऐन दिवाळीत, २४ ऑक्टोबरला, ऋषी सुनक यांची ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या नेतेपदी निवड झाली आणि दुसऱ्या दिवशी ते पंतप्रधान झाले. आपल्याकडे त्याचा आनंद घरच्या कार्यासारखा साजरा झाला. पूर्व आफ्रिकेतून ब्रिटनला गेलेल्या भारतीय कुटुंबातला मुलगा तिथल्या सर्वोच्च पदावर बसला, म्हणजे त्या समाजाने स्थलांतरितांना आपले म्हटले, असा अर्थ अनेकांनी काढला. यंदाच्या अंकाचा विषय स्थलांतर आहे, म्हणून या अर्थाशी असलेला मतभेद सुरुवातीलाच नोंदवतो. एक जण वर चढला म्हणून बाकीचे आपोआप घरचे होत नाहीत. स्थलांतरित माणूस त्या भूमीत उभा राहून हक्क मागतो आणि तिथली माणसे त्याच्या शेजारी येऊन उभी राहतात, तेव्हा तो त्या समाजाचा होतो. याचा पुरावा पंतप्रधानांच्या निवासस्थानी मिळत नाही, तो लंडनमधल्याच एका कारखान्याच्या दारात मिळतो.

लंडनच्या वायव्येला विल्सडेन भागात ग्रनविक ही कंपनी फोटो धुऊन देत असे. गिऱ्हाइके कॅमेऱ्यातला रोल पाकिटात घालून टपालाने पाठवत, छापलेले फोटो टपालानेच परत येत. ही पाकिटे हाताळणाऱ्या कामगारांत मोठा भरणा केनिया, युगांडा, टांझानियातून आलेल्या गुजराती बायकांचा होता. यातल्या कित्येकींनी तिकडे बऱ्यापैकी सुस्थिती पाहिली होती. इथे ४० तासांच्या आठवड्याला सुमारे २८ पौंड हातात पडत, तर लंडनमध्ये अंगमेहनतीचे काम करणाऱ्या बाईची सरासरी मजुरी ४४ पौंडांच्या आसपास होती. उन्हाळ्यात सुट्ट्यांचे रोल धुवायला आले की ओव्हरटाइम सक्तीचा. लघवीला जायचे तरी परवानगी मागायची. २० ऑगस्ट १९७६ रोजी जयाबेन देसाई काम टाकून बाहेर पडल्या. हा कारखाना नसून प्राणिसंग्रहालय आहे आणि इथे तालावर नाचणाऱ्या माकडांसारखेच डोके चावून काढणारे सिंहही आहेत, असे त्यांनी मॅनेजरला सुनावले. पाच फूटही उंची नसलेली, साडी नेसलेली, हातात पर्स घेतलेली ही बाई पुढची दोन वर्षे त्या दारात उभी राहिली. १३७ कामगार संपावर गेले, त्यांना कामावरून काढले गेले. त्यांची मुख्य मागणी एवढीच होती की मालकाने युनियनला मान्यता द्यावी.

‘आमच्या देशात आलात तर आमच्या रीतीने वागा,’ ही ब्रिटनमधल्या अनेकांची तेव्हाही अपेक्षा होती, आजही आहे. ती सरसकट वावगी नाही. पण युनियन बांधणे आणि दारात उभे राहून संप चालवणे यापेक्षा अस्सल इंग्रजी रीत कोणती? या बायकांनी त्या देशाच्या कामगारवर्गाने शतकभर घडवलेली परंपरा उचलली आणि त्यासाठी साडी सोडली नाही. मालक जॉर्ज वॉर्ड स्वतः दिल्लीत जन्मलेले अँग्लो-इंडियन होते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. जन्मभूमीच्या नात्याने ते काही या बायकांच्या बाजूला आले नाहीत. आले ते क्रिकलवूडचे पोस्टमन. त्यांनी ग्रनविकची टपालाची पाकिटे हाताळायचे नाकारले आणि धंद्याच्या वर्मावर घाव घातला. आले ते गोदी कामगार. १९६८ मध्ये इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध विखारी भाषण केले, तेव्हा लंडनचे गोदी कामगार त्यांच्या समर्थनार्थ संसदेवर चालून गेले होते. जुलै १९७७ मध्ये त्याच गोदीतल्या कामगारांचा फलक विल्सडेनच्या रस्त्यावर या बायकांसाठी उंचावला. अवघी नऊ वर्षे! एवढ्या काळात कोणत्या स्नेहसंमेलनाने हे साधले असते?

यावर ठोस आक्षेप असा, की संप हरला. खरे आहे. न्यायमूर्ती स्कार्मन यांच्या चौकशीने संपकऱ्यांना परत घेण्याची शिफारस केली, मालकाने ती धुडकावली. वरिष्ठ युनियन पुढाऱ्यांनी हात आखडता घेतला, तेव्हा जयाबेन आणि त्यांचे सहकारी पुढाऱ्यांच्याच मुख्यालयाबाहेर उपोषणाला बसले. १४ जुलै १९७८ ला संप संपला, नोकरी कुणालाही परत मिळाली नाही. शिवाय वर्णद्वेषही संपला नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात साउथपोर्टच्या हत्याकांडानंतर खोट्या अफवेवरून मशिदीवर आणि आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलांवर जमाव चालून गेला. पण त्याच आठवड्यात, ७ ऑगस्टला, वॉल्थमस्टो आणि इतर ठिकाणी हजारो सामान्य माणसे त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली. त्या दिवशी रस्त्यावर उतरण्याची सवय एका रात्रीत लागलेली नव्हती. ग्रनविकसारख्या लढ्यांचे मोल नोकऱ्यांच्या हिशेबात मोजले तर ते हातातून निसटते.

भाषा आणि सण जपूच नयेत, असे कुणी यातून समजू नये. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून मराठीपण जपत आले आहे, त्याचा आम्हाला अभिमान आहे. तरीही फराळाच्या ताटाने ओळखीचा अर्धाच भाग भरतो, उरलेला अर्धा कामाच्या जागी ठरतो. आणि स्थलांतरितांना सामावून घेणारा समाज आपणही आहोत: मुंबई-पुण्याच्या बांधकामांवरचे मजूर २०२० च्या टाळेबंदीत चालत गावी निघाले, तेव्हा आपल्यापैकी किती जण त्यांच्या शेजारी उभे होते? म्हणून वाचकांना एकच विनंती. हा अंक लंडनमध्ये वाचत असाल किंवा कोथरूडमध्ये, दिवाळीचा फराळ आटोपला की आपल्या इमारतीच्या वॉचमनला आणि सफाई करणाऱ्या बाईला त्यांची मजुरी किती, सुट्टी कधी, हे विचारा, आणि त्यांनी हक्काचे काही मागितले तर त्यांच्या बाजूने सही करा.