वर्षे मोजताना खाटाही मोजा

नर्सिंगला जायचे ठरले की घरात पहिला हिशेब वर्षांचा होतो. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. मुलगी लवकर हाताशी यावी, पगार सुरू व्हावा, धाकट्याचे शिक्षण अडू नये, या विचाराने बीड-परभणीपासून गडचिरोलीपर्यंत कितीतरी घरांत तीन वर्षांच्या पदविकेवर बोट ठेवले जाते. ज्यांच्या खिशाला एकेक वर्ष जड जाते त्यांनी असा विचार करण्यात काहीही गैर नाही. पण हाच हिशेब आणखी थोडा पुढे नेला की उलटा पडतो. जीएनएम झालेल्या परिचारिकेला पदवी हवी असेल, तर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची आणखी दोन वर्षे द्यावी लागतात. तीन आणि दोन पाच. बारावीनंतर थेट पदवीला गेलेली तिची मैत्रीण चार वर्षांतच तिथे पोहोचलेली असते. एम्समधील नर्सिंग ऑफिसरच्या भरतीसाठी होणाऱ्या नॉरसेट परीक्षेला ही मैत्रीण अनुभवाशिवाय बसू शकते. जीएनएमवाल्या उमेदवाराला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. जवळचा म्हणून धरलेला रस्ता असा लांबचा निघतो आणि प्रवेशाच्या दिवशी हे कोणी सांगत नाही.

झटपट की रीतसर, हा प्रश्न आपल्याकडेच पडतो असे नाही. अमेरिकेत त्यावर कित्येक दशके विचार झाला आहे आणि त्या अनुभवातून घेण्यासारखे बरेच आहे. दुसऱ्या महायुद्धात परिचारिका कमी पडू लागल्या, तेव्हा तिथल्या सरकारने १९४३ मध्ये ‘कॅडेट नर्स कोअर’ उभे केले, शिक्षण मोफत केले आणि ३६ महिन्यांचे शिक्षण ३० महिन्यांत बसवले. उरलेले सहा महिने मात्र सोडून दिले नाहीत. त्या काळात या मुलींनी रुग्णालयांत वरिष्ठ कॅडेट म्हणून प्रत्यक्ष काम केले. युद्ध चालू असतानाही रुग्णाजवळच्या काळाला कात्री लागली नाही. पुढे १९७१ मध्ये सेंट लुईस विद्यापीठाने दुसऱ्या विषयात पदवी घेतलेल्यांसाठी वेगवान नर्सिंग पदवी सुरू केली. आज असे अभ्यासक्रम तिथे साधारण वर्ष ते दीड वर्षात पूर्ण होतात. त्यांत प्रवेश घेणाऱ्याजवळ आधीची पदवी असते. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय आधी पूर्ण करून यावे लागतात. सुट्ट्या जवळपास नसतात आणि सोबत नोकरी करणे बहुतेकांना झेपत नाही. रुग्णालयातले तास मात्र चार वर्षांच्या अभ्यासक्रमाइतकेच असतात. शेवटी परवान्याची एनक्लेक्स परीक्षाही दोघांना एकच. वर्षे कमी झाली ती आधी शिकून झालेल्या गोष्टी पुन्हा शिकवल्या नाहीत म्हणून.

युरोपीय संघाने तर शिक्षणाचे माप तासांतच लिहून ठेवले आहे. सामान्य परिचारिकेसाठी किमान तीन वर्षे आणि ४,६०० तास, त्यातले किमान निम्मे रुग्णालयात किंवा समाजात प्रत्यक्ष कामाचे. ब्रिटननेही हेच माप ठेवले आहे. तिथे पदवीधरांना दोन वर्षांत नर्सिंग पूर्ण करता येते, कारण त्यांचे आधीचे शिक्षण नियमात बसवून मोजले जाते. कागदावर वेग दोन, पण दोन्ही वाटांनी येणारी परिचारिका एकाच दर्जाची मानली जाते.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे आणि पालकांची गल्लत इथेच होते. आपले कमी वर्षांचे अभ्यासक्रम त्याच मुक्कामाला लवकर पोहोचवत नाहीत. त्यांचा मुक्कामच निराळा आहे. भोर समितीने १९४६ च्या अहवालात परिचारिकांच्या दोन श्रेणी सुचवल्या. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथे देशातले पहिले नर्सिंगचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. परिचारिका मुळातच इतक्या कमी होत्या की खालची श्रेणी लवकर तयार करणे ही त्या काळाची गरज होती. पण गरजेपोटी रचलेली ती उतरंड स्वातंत्र्यानंतर पाऊण शतक उलटून गेले तरी तशीच आहे. जीएनएम टप्प्याटप्प्याने बंद करून सर्वांना पदवीकडे न्यायचे, असा विचार भारतीय परिचर्या परिषदेने काही वर्षांपूर्वी पुढे आणला. तो तडीस गेला नाही. पदविकेच्या शाळा ज्या गावांत आहेत, तिथे पदवीचे महाविद्यालय उभे करणे सोपे नव्हते. शिवाय जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते, पदवीला मात्र भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते. ज्या तालुक्यात विज्ञान शाखेचे धड कनिष्ठ महाविद्यालय नाही, तिथल्या मुलीला पदवीची निवड करायची संधी मिळालेलीच नसते.

पदवीने फरक पडतो का? पडतो, आणि तो मोजून दाखवला गेला आहे. अमेरिकेतल्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या परिचारिकांत पदवीधरांचे प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल, तिथे तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता पाच टक्क्यांनी कमी दिसली. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासात हा फरक सात टक्क्यांचा होता. पदवीचे समर्थक हे आकडे आवर्जून सांगतात आणि ते सांगायलाच हवेत. मात्र त्याच लेखातला दुसरा आकडा आपल्या राज्यकर्त्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. एका परिचारिकेवर एका रुग्णाचा भार वाढला की मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. पन्नास रुग्णांच्या वॉर्डात रात्री एकच सिस्टर ठेवायची आणि तिच्या पदवीकडून चमत्काराची अपेक्षा करायची, हे चालणार नाही.

ही परिचारिका घडते कशी, ते एका साध्या सलाइनवरून पाहावे. ५०० मिलिलिटरची बाटली आठ तासांत द्यायची आहे आणि नळीचा संच वीस थेंबांना एक मिलिलिटर देणारा आहे. गणित केले की मिनिटाला साधारण एकवीस थेंब येतात. हे गणित वर्गात अर्ध्या तासात शिकवता येते. वॉर्डात मात्र विद्यार्थिनी मनगटावरच्या घड्याळावर डोळा ठेवून थेंब मोजते, चक्री हलक्या हाताने फिरवून वेग लावते, दुसऱ्या खाटेकडे वळते आणि परत येते तो थेंब थांबलेले असतात. रुग्णाने कोपर दुमडलेले असते. तो हात सरळ करतो आणि थेंब धावू लागतात. रुग्ण वयस्कर असेल, हृदय दुबळे असेल, तर ही धाव त्याच्या फुप्फुसात पाणी भरू शकते. कोणत्या रुग्णाकडे दहा मिनिटांनी पुन्हा जायला हवे, ही जाण तिला खऱ्या रुग्णांच्या खाटांमध्ये फिरूनच येते. श्वास मोजण्याचेही तेच. पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहत उभे राहावे लागते आणि हाताखाली रुग्ण कमी, घाई जास्त असेल तर विद्यार्थी तक्त्यावर सगळ्यांपुढे ‘२०’ लिहून मोकळे होतात. रक्तदाब ढासळण्याच्या आधी श्वास वाढतो. तो ज्याने मोजलाच नाही, त्याला रुग्ण बिघडतो आहे हे उशिरा कळते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी हल्ल्यात जायबंदी झालेल्या आपल्या सहकारी अरुणा शानभाग यांची १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ शुश्रूषा केली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या देहावर त्यांनी शय्याव्रण होऊ दिला नाही. त्या सेवेची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात घेतली. रुग्णाला वेळेवर कुशीवर वळवणे, चादरीची एक सुरकुतीही राहू न देणे, माकडहाडावरची त्वचा रोज पाहणे, ही कामे हलकी समजली जातात. त्यांना लागणारी सवय मात्र भरलेल्या वॉर्डातच लागते.

म्हणून तीन वर्षे की चार, याआधी विचारायचा प्रश्न दुसरा आहे: या महाविद्यालयाचे रुग्णालय कुठे आहे आणि त्यात रुग्ण आहेत का? नव्या नर्सिंग संस्थेला शंभर खाटांचे स्वतःचे रुग्णालय असावे, अशी परिचर्या परिषदेची अट आहे. अट चांगली आहे, पण खाट असणे आणि खाटेवर रुग्ण असणे यांत फार अंतर असते. मध्य प्रदेशात हे अंतर किती भयंकर होऊ शकते ते देशाने पाहिले. तिथल्या उच्च न्यायालयाने नर्सिंग महाविद्यालयांची चौकशी सीबीआयकडे दिली आणि २०२४ मध्ये त्याच चौकशीतले अधिकारी अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपाखाली पकडले गेले. दोन खोल्यांची जागा आणि भाड्याने आणलेल्या खाटा दाखवून परवानगी मिळत असेल, तर तिथून बाहेर पडणारी पदवीधर कोणाच्या उशाशी उभी राहणार आहे?

आमचे मत स्पष्ट आहे. बारावी विज्ञान शाखेतून झाली असेल आणि चौथ्या वर्षाची फी कशीबशी का होईना जमणार असेल, तर पदवीच घ्यावी. पण ओस पडलेल्या रुग्णालयाच्या पदवीपेक्षा जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शासकीय शाळेची पदविका कधीही चांगली. जिथे प्रसूतिगृह रात्री अडीच वाजताही जागे असते आणि सर्पदंशाचे, जळालेले, अपघातातले रुग्ण एकापाठोपाठ येतात, तिथे तीन वर्षे काढलेली मुलगी कामाला कच्ची राहत नाही. पालकांनी प्रवेश घेण्याआधी एखाद्या कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, त्या रुग्णालयात जाऊन बाह्यरुग्ण विभागाची रांग पाहावी. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीला बाजूला घेऊन विचारावे की प्रसूतीच्या केसेस कुठे भरल्या, मनोरुग्णालयाची पोस्टिंग खरोखर झाली का, शिकवायला पाठ्यनिर्देशिका किती आहेत. नोंदवही भरलेली आणि हात कोरे, अशी मुले-मुली या व्यवस्थेतून बाहेर पडतात. पहिल्या नाइट ड्यूटीला त्यांना फुटणारा घाम रुग्णालाही महागात पडतो.

जास्त वर्षे शिकून हाती काय येते, हा प्रश्नही टाळून चालणार नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाचे मान सुचवले. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिन्याला २० हजारांपेक्षा कमी नको आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर शासकीय वेतनाइतके. या शिफारशींना आता बराच काळ झाला. तालुक्याच्या ठिकाणच्या नर्सिंग होममध्ये आजही याच्या निम्म्यावर राबणाऱ्या सिस्टर भेटतात. तिथे पदविका आणि पदवी यांच्या पगारात फरकही केला जात नाही. अशा स्थितीत बापाने चौथ्या वर्षासाठी कर्ज काढायला कचरावे, तर त्याला दोष कसा द्यायचा? पदवी हवी असेल तर तिची किंमत पगारातही दिसायला हवी आणि शिफारशी अमलात आणणे हे राज्याच्या आरोग्य विभागाचे काम आहे.

परदेशाच्या मागणीचे दडपणही आता वाढते आहे. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. संधी मोठी आहे आणि आपल्या मुली-मुलांनी ती जरूर घ्यावी. त्या नादात ‘लवकर माणसे तयार करा’ अशी ओरड सुरू झाली तर मात्र ती ठामपणे थोपवली पाहिजे. घाईने शिकवलेल्या माणसाला जर्मनीतही कोणी वॉर्ड सोपवणार नाही आणि गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तर चूक पकडायला दुसरे कोणी नसते.

वेग वाढवायचाच असेल तर तो योग्य जागी वाढवता येईल. जीएनएम होऊन शासकीय रुग्णालयात सात-आठ वर्षे काढलेल्या अधिपरिचारिकेला पोस्ट बेसिकसाठी पुन्हा पहिल्यापासून इंजेक्शन देणे शिकवण्यात अर्थ नाही. तिचा अनुभव मोजून, नोकरी सांभाळून, तिला पदवी पूर्ण करता यावी. सूक्ष्मजीवशास्त्रात किंवा प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करून नोकरीच्या शोधात फिरणाऱ्या तरुणांसाठी दोन वर्षांची नर्सिंग पदवी काढायलाही हरकत नसावी. त्यासाठी दोन अटी हव्यात: ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातच चालावी आणि वॉर्डातल्या तासांना हात लागू नये. केंद्राने २०२३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात १५७ नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली. त्यांत अशी तुकडी सुरू करून पाहता येईल. भारतीय परिचर्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा कायदाही त्याच वर्षी झाला. अभ्यासक्रमाचे माप वर्षांऐवजी तासांत ठरवणे त्या आयोगाला शक्य होईल.

हे सगळे व्हायला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र पुढच्या प्रवेश फेरीपूर्वी होऊ शकते. पसंतीक्रम भरताना महाविद्यालयांची यादी समोर असते. त्या यादीत प्रत्येक नावापुढे संलग्न रुग्णालयाचे नाव, मंजूर खाटा, गेल्या वर्षी सरासरी भरलेल्या खाटा आणि तिथे झालेल्या प्रसूतींची संख्या प्रवेश प्रक्रिया राबवणाऱ्या सीईटी सेलने छापावी. महाराष्ट्र परिचर्या परिषद आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ संस्थांची तपासणी करतात. ही माहिती त्या तपासणीत मागवायची आणि संकेतस्थळावर टाकायची, यासाठी नवा कायदा लागत नाही.