बांधावरचा उंबर तोडू नका

उंबराची सावली पिकावर पडते, फळांचा सडा पडून पायवाट चिकट होते, माशा घोंगावतात. तक्रारी खऱ्या आहेत. पण कुऱ्हाड काढण्याआधी एक पिकलेलं उंबर फोडून बघा. आत बारीक केंबरं वळवळताना दिसतील. किडकं म्हणून आपण ते फेकून देतो, पण ती कीड नव्हे, झाडाचा संसारच तिच्यावर चालतो.

उंबराची फुलं फळाच्या आतच असतात. टोकाच्या भोकातून गांधीलमाशीच्या गोतातली एक इवलीशी मादी आत शिरते. वाट इतकी अरुंद, की तिचे पंख तिथंच तुटतात. अंगावरून आणलेला पराग ती फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. तिच्या पिल्लांतले नर बिनपंखी. ते माद्यांशी जुगतात, फळ पोखरून त्यांना वाट करून देतात आणि मरतात. माद्या पराग घेऊन उडतात. हाती जेमतेम एक-दोन दिवस, आणि एका झाडाची फळं बहुधा एकदमच तयार होत असल्यामुळे गाठायचं असतं दुसरंच झाड. ते जवळपास नसेल तर खेळ खलास. ही माशी दुसऱ्या कुठल्या झाडावर वाढत नाही, आणि तिच्यावाचून उंबराला बी धरत नाही.

ऐन उन्हाळ्यात रान कोरडं पडतं तेव्हाही कुठला तरी उंबर लगडलेला असतो. आपला राज्यपक्षी हरियाल, धनेश, वटवाघळं, उदमांजर, सगळ्यांची पंगत तिथं बसते. फळं खायला आलेल्या साळुंक्या तुमच्या शेतातल्या अळ्याही टिपतात, हेही हिशेबात धरा.

दत्ताचं झाड म्हणून देवळातला उंबर वाचतो. मात्र पार बांधताना त्याच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततात. याला मी भक्ती म्हणणार नाही.

तेव्हा एवढं करा. सावलीचा त्रास असेल तर पिकाकडच्या फांद्या छाटा, बुंध्याला हात लावू नका. फवारणी करताना वाऱ्याची दिशा बघा, औषध उंबरावर जाऊ देऊ नका. आणि विहिरीच्या कठड्यात पाखरांच्या विष्ठेतून उगवलेलं उंबराचं रोप दिसलं, तर उपटून फेकू नका. पहिला चांगला पाऊस झाला, की मुळांसकट अलगद काढून ओढ्याकाठी लावा.