ॲड्रिनलच्या रिपोर्टवर सही कुणाची?

ॲड्रिनल ग्रंथी मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली, जेमतेम चार-पाच ग्रॅमची. तिची गाठ बऱ्याचदा यूरोसर्जन काढतात, म्हणून मोठ्या रुग्णालयांत ती तपासायलाही मूत्रसंस्थेच्या पॅथॉलॉजिस्टकडेच जाते. मिरजेत बायोप्सी पाहणाऱ्या मला हा हिशेब पटत नाही. शेजार मूत्रपिंडाचा असला, तरी घराणं अंतःस्रावी ग्रंथींचं. जागतिक आरोग्य संघटनेची वर्गीकरणंही तिला तिथेच ठेवतात.

नमुना कापल्यावर पिवळाधमक निघाला तर गाठ बहुधा कॉर्टेक्सची, म्हणजे ग्रंथीच्या बाहेरच्या थराची. करडा-तांबूस, मध्येच रक्त साकळलेला असेल तर फिओक्रोमोसायटोमाची, म्हणजे आतल्या गाभ्यातल्या गाठीची शंका. खरी मेख पुढेच आहे. पॅथॉलॉजिस्ट वाइस यांनी १९८४ मध्ये कॉर्टेक्सच्या गाठींसाठी नऊ निकष दिले. तीन भरले की कॅन्सर. पण ऑन्कोसायटिक प्रकारच्या गाठीत त्यातले तीन जात्याच हजर असतात. वेगळे निकष लावायचे हे ठाऊक नसेल, तर निरुपद्रवी गाठीवर कॅन्सरचा शिक्का बसतो. फिओक्रोमोसायटोमात तर २०१७ पासून ‘साधी गाठ’ हा प्रकारच उरलेला नाही. कुठलीही पसरू शकते असं धरायचं. शिवाय बऱ्याच रुग्णांत दोष आनुवंशिक असतो, तेव्हा भावंडांच्या तपासणीचा विचार रिपोर्टमधूनच सुचायला हवा.

मूत्रसंस्थेवाल्यांचं एक मात्र मान्य. मूत्रपिंडाचा कॅन्सर ॲड्रिनलमध्ये उतरला की तो कॉर्टेक्सच्या गाठीसारखाच दिसू शकतो आणि तो त्यांच्या रोजच्या नजरेतला. (लहान मुलांचा न्यूरोब्लास्टोमा मात्र मूत्रसंस्थेवाल्यांनी आणि अंतःस्रावीवाल्यांनी, दोघांनीही बालरोगाच्या पॅथॉलॉजिस्टकडे सोपवावा.)

आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर मात्र नुसतं ‘लेफ्ट ॲड्रिनल मास’. बीपी, कॉर्टिसॉल, मेटानेफ्रिन, सगळे रकाने कोरे. फोन केला तर एक सर्जन म्हणाले, “मॅडम, ते रिपोर्टमध्ये कळेलच ना?” नाही कळत. गाठ कुठलं हार्मोन किती सोडत होती, हे रक्ता-लघवीच्या तपासणीतूनच समजतं.

जिल्ह्याच्या गावी अंतःस्रावी पॅथॉलॉजिस्ट मिळणार नाही, हे मलाही कळतं. पहिला रिपोर्ट आम्ही देऊच. पण गाठ मोठी असेल, निकष काठावर असतील किंवा फिओक्रोमोसायटोमा असेल, तर स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक ॲड्रिनल नेहमी पाहणाऱ्याकडे गेलेच पाहिजेत. शेवटची सही त्याची. नातेवाइकांनो, ते ब्लॉक लॅबकडून मागून घ्या, आणि सोबत हार्मोनचे सगळे कागद जोडा.