कृमीच्या अंगावरील निळा डाग

प्लॅनेरिया नांवाच्या चपट्या कृमीचीं सुंदर रंगीत चित्रें शास्त्रीय ग्रंथांत पुष्कळदां आढळतात. खालीं ‘अमुक जनुक येथें कार्य करीत आहे’ एवढीच ओळ असते. ती ओळ पुरेशी नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा गोड्या पाण्यांतील कृमि कापला असतां तुकड्यातुकड्यापासून नवा कृमि होतो. मूळ शरीराच्या २७९ व्या हिश्श्याएवढ्या तुकड्यापासूनही तो होतो, असें मॉर्गन या अमेरिकन पंडितानें १८९८ सालीं नोंदविलें. आतां, डोकें कोणत्या जनुकाच्या आज्ञेनें उगवतें हें कृमीकडे नुसतें टक लावून कळावयाचें नाहीं. त्याचा प्रथम प्राण घ्यावा लागतो! मग अंगावरील बुळबुळीत श्लेष्मा काढावयाचा, फॉर्माल्डिहाइडनें पेशी जागच्या जागीं थिजवावयाच्या, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडांत उजेडाखालीं ठेवून कातडीचा काळपटपणा घालवावयाचा. जनुक जागें असेल त्या पेशींत त्याच्या आज्ञेची आरएनए-प्रत असते. तिच्याशीं नेमकी जोडी जमेल असा पूरक आरएनए प्रयोगशाळेंत बनवून त्यास डायगॉक्सिजेनिनची खूण लावितात. ही खूण डिजिटॅलिस या फुलझाडापासून मिळते. कृमीच्या अंगीं ती मुळांतच नसते, म्हणूनच ती सोयीची. तिला चिकटणाऱ्या प्रतिपिंडासोबत एक विकर येतें, आणि तें जांभळट निळा साका पाडतें. या खटाटोपास कित्येक दिवस लागतात.

परंतु डाग दिसला म्हणजे सत्य दिसलें, असें नव्हे. रंग फार वेळ चढूं दिला तर सगळाच कृमि निळसर होतो. म्हणून दुसऱ्या एका कृमीस मुद्दाम न जुळणारा आरएनए देऊन तोही शेजारीं ठेवावा लागतो. तो कोरा राहिला तरच पहिल्याची साक्ष ग्राह्य. शिवाय डाग आज्ञापत्राचा असतो. आज्ञेप्रमाणें प्रथिन बनलें कीं नाहीं, याविषयीं तो मुका आहे. जनुकाचें कार्य खरोखर जाणावयाचें तर तें गप्प करूनच पाहावें लागतें. २००८ सालीं बीटा-कॅटेनिनचें जनुक असें गप्प केल्यावर शेपटीच्या जागीं दुसरें डोकें उगवलें!

इतका तपशील विद्यार्थ्यांस कशाला, असें कोणी म्हणतील. आम्हांस उलट वाटतें. जो मुलगा डाग कसा पडला हें जाणतो, तोच तो खोटा कधीं असेल हें विचारूं शकतो. बाकीच्यांस केवळ विश्वास ठेवणें प्राप्त. कोऱ्या कृमीचें चित्र नीरस असतें व जागा अडवितें, हें आम्ही जाणतों. तथापि पानावर दोनच चित्रांपुरती जागा असेल, तर त्यांतलें एक तें असावें.