लोकमताचा कच्चा माल

सामान्य माणसाच्या राजकीय मतांविषयी तुच्छतेने बोलण्याची एक पद्धत शहाण्यासुरत्या मंडळींत रूढ आहे. एस. टी. स्थानकावर, गावातील पारावर किंवा कचेरीतील मधल्या सुट्टीत जी मते ऐकू येतात ती उथळ असतात, मोबाईलवर आलेल्या चार ओळींवर ती उभी असतात, त्यांना ना आकडेवारीचा आधार असतो ना इतिहासाचा, अशी ही तक्रार आहे. तीत तथ्य नाही असे नाही. परंतु पक्क्या मालाच्या दर्जाबद्दल कुरकुर करणाऱ्याने कच्चा माल कोठून व काय भावाने मिळतो, याचीही चौकशी करावयास हवी. मोबाईलवरील मजकूर वाचणाऱ्यास जवळजवळ फुकट पडतो. परस्परविरोधी मतांची दोन दैनिके आणि शेती, कायदा वा अर्थकारण यांवरील एखादे बरे पुस्तक मात्र विकत घ्यावे लागते. ज्याची तेवढी ऐपत नाही, त्याच्यासाठी सार्वजनिक वाचनालय हाच काय तो मार्ग उरतो.

या बाबतीत महाराष्ट्राची पूर्वपीठिका कोणासही हेवा वाटावा अशी आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन या तज्ज्ञास पाचारण केले आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरविणारी मोफत ग्रंथालय व्यवस्था उभी केली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला होता. पुढे राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली आला. त्याने ग्रंथालये सरकारी केली नाहीत. लोकांनी संस्था काढावी, चालवावी आणि शासनाने तिला वर्गवारीप्रमाणे अनुदान द्यावे, असा मधला मार्ग काढला. या धोरणामुळे आज राज्यात अकरा-बारा हजारांच्या घरात अनुदानित ग्रंथालये आहेत. लोकांच्या उत्साहावर विसंबून राहण्याचा निर्णय चुकीचा नव्हता. चूक झाली ती त्या उत्साहाची किंमत ठरविताना.

‘अ’, ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ असे ग्रंथालयांचे चार वर्ग आहेत. खेड्यातील ग्रंथालय बहुधा खालच्या दोन वर्गांत मोडते. ‘ड’ वर्गाचे अनुदान २०१२ मध्ये वर्षाला तीस हजार रुपये झाले आणि त्यानंतर तब्बल दहा वर्षे ते तेथेच थांबले. २०२२ च्या अखेरीस साठ टक्के वाढ जाहीर झाली व ते ४८ हजारांवर गेले. साठ टक्के हा आकडा कानाला गोड लागतो. परंतु २०१२ हे वर्ष शंभर धरले तर ग्राहक किमतींचा निर्देशांक २०२२ च्या अखेरीस पावणेदोनशेच्या आसपास पोहोचला होता. म्हणजे जुनी क्रयशक्ती नुसती टिकविण्यासाठीच साडेबावन्न हजार रुपये लागले असते. वाढीच्या नावाखाली दिली गेली ती झालेल्या घटीची अंशतः भरपाई, आणि मधल्या नऊ-दहा वर्षांत जे हरवले त्याचा हिशेब तर कोणी मांडलाच नाही.

या रकमेचे पुढे काय होते तेही पाहण्याजोगे आहे. अनुदानाचा निम्मा भाग वेतनासाठी असतो. ४८ हजारांचे निम्मे चोवीस हजार, म्हणजे महिन्याला दोन हजार रुपये ग्रंथपालाच्या हाती पडतात. दिवसाला सदुसष्ट रुपये. रोजगार हमीच्या कामावर राज्यात २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये दर होता. ज्या राज्याने हमीच्या कामाचा कायदा देशात सर्वांआधी केला, त्याच राज्यात पुस्तकांची नोंद ठेवणारा मनुष्य खडी फोडणाऱ्याच्या मजुरीच्या चौथ्या हिश्शावर राबतो! अनुदानात आणखी निम्म्याने भर पडली तरी हा रोज शंभरावर जातो, इतकेच. तो दिवसभर काम करीत नाही, दोन-तीन तासच बसतो, असे उत्तर यावर मिळते. दोन हजारांत तो यापेक्षा अधिक वेळ का बसेल, याचे उत्तर मात्र मिळत नाही. उरलेल्या दोन हजारांत दैनिके, नियतकालिके, नवी पुस्तके, वीज आणि जागेचे भाडे भागवायचे असते. पाच-सहाशे रुपये दैनिकांवरच जातात. मग कपाटात जुन्या कादंबऱ्या आणि देणगीदाखल आलेली चरित्रे तेवढी उरतात. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी तेथे येतो तो आपलीच पुस्तके बरोबर घेऊन, दिव्यासाठी आणि शांततेसाठी.

सरकारचीही एक बाजू आहे. कित्येक ग्रंथालये केवळ कागदावर होती. फलक, शिक्का आणि हजेरीपुस्तक यांपलीकडे त्यांचे अस्तित्व नव्हते, आणि त्यांपैकी काहींच्या कार्यकारिणीवर स्थानिक पुढाऱ्यांचे आप्तस्वकीय होते. २०१२ च्या पडताळणीत हे उघड झाले, ते योग्यच झाले. पण त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणेच दीर्घकाळ बंद ठेवण्यात आले. खोटी शिधापत्रिका सापडली म्हणून नव्या शिधापत्रिका काढणेच थांबवावे, त्यातला हा प्रकार. राज्यात सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायती आहेत. ‘गाव तेथे ग्रंथालय’ ही घोषणा निम्म्याहून अधिक ठिकाणी आजही घोषणाच आहे.

मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय कर बसविला. तमिळनाडूत आज तो रुपयामागे दहा पैसे आहे. महाराष्ट्राने हा मार्ग टाळला. म्हणून येथेही उपकर बसवा, असा आग्रह ग्रंथालय चळवळीतील काही मंडळी धरतात. त्यात अर्थ आहे, पण भाबडेपणाही आहे. चेन्नई व बंगळूर येथील महापालिकांनी वसूल केलेला ग्रंथालय कर ग्रंथालय खात्याला वेळेवर न दिल्याची प्रकरणे वारंवार पुढे आली आहेत. शिवाय मालमत्ता कर शहरात भरघोस आणि खेड्यात नाममात्र. वाटपाचे सूत्र निराळे न ठेवल्यास कराचा पैसा जेथे ग्रंथालये आहेत तेथेच पुन्हा जाईल.

पैसाच नाही, हे म्हणणे मात्र पटण्याजोगे नाही. वर्ध्याच्या २०२३ च्या साहित्य संमेलनास शासनाने दोन कोटी रुपये दिले. ‘ड’ वर्गाच्या चारशेहून अधिक ग्रंथालयांचे ते वर्षाचे अनुदान होय. संमेलने होऊ नयेत असे कोणी म्हणणार नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीस अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंदही खराच. पण मंडपातल्या टाळ्या त्याच सायंकाळी दूरचित्रवाणीवर दिसतात, वाचनालयाला मिळालेली नवी पुस्तके कोणत्याच पडद्यावर दिसत नाहीत. खर्चाची निवड पुष्कळदा एवढ्यावरच होते.

शिक्षक आणि कारकून यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा निर्देशांकाप्रमाणे फेरविचारात घेतला जातो आणि त्यासाठी दर वेळी मोर्चा काढावा लागत नाही. हीच रीत ग्रंथालयांच्या अनुदानास लावता येण्यासारखी आहे. दहा वर्षांनी एकदम साठ टक्के देण्यापेक्षा दर वर्षी पाच-सहा टक्के देणे तिजोरीला सोसवते आणि ग्रंथपालालाही पुढील वर्षाची मागणी आधी ठरविता येते. मान्यता देताना पहिला क्रम जेथे एकही वाचनालय नाही त्या गावांना हवा. आणि जागेची अट केवळ चौरस फुटांची नसावी. वाचनालय एखाद्या वाड्याच्या ओसरीवर वा पुढाऱ्याच्या माडीवर असले की गावकुसाबाहेरच्या वस्तीतील मुलगा आणि कोणत्याही वस्तीतील बाई तेथे सहसा पाऊल टाकीत नाही. शाळेची किंवा ग्रामपंचायतीची खोली, सायंकाळी उघडी आणि रस्त्यावरून दिसणारी, एवढे साधले तरी अनुदानाचा तोच रुपया दुप्पट वाचकांपर्यंत पोहोचेल.