हवेतली पोळ

बडोद्यातल्या वाडी भागात आमचं जुनं घर आहे. गेल्या चातुर्मासात एका संध्याकाळी आईने टीव्हीच्या मागे लावलेल्या काडीवर, म्हणजे स्ट्रीमिंग स्टिकवर, अभंग सुरू केले. पडद्यावर बुवांचे ओठ हलत होते, टाळकरी डुलत होते, पण कोनाड्यातला छोटा ब्लूटूथ स्पीकर निळा दिवा लुकलुकवत गप्प बसला होता. आईने आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून हाक आली, "मासी, तमारां भजन अमारे घेर वागे छे!" तुमची भजनं आमच्या घरी वाजताहेत, म्हणे.

दोन्ही घरांनी एकाच दुकानातून एकाच जातीचा स्पीकर घेतला होता. टीव्हीच्या यादीत दोघांचं नाव अक्षरशः एकच. आदल्या दिवशी जोडणी पुन्हा करताना आईने वरचं नाव निवडलं होतं, ते समोरच्या घराचं निघालं. त्यांचं जेवण अभंगांच्या साथीने झालं. सगळे हसले आणि प्रश्न पाच मिनिटांत सुटला. पण तो सोडवायला समोरच्या घरातला अकरावीतला मुलगा यावा लागला. त्याने भराभर बोटं फिरवली, आवाज आणून दिला आणि तो निघून गेला. आईला काही कळलं नाही, आणि तिला ते कळायला हवं असं कुणाला वाटलंही नाही.

त्या शेवटच्या वाक्यावर हा लेख आहे. कारण हे बडोदं आहे. ऐकण्याचं नवं साधन आलं की ते वापरायला शिकवायची सोयही करायची, अशी या शहराची एके काळी रीत होती.

इथलं गाणं आधी दरबाराचं होतं. गवई, वादक, नर्तकी यांचा संस्थानात कलावंत कारखाना असे. कुणी कधी गायचं ते सरकारच्या नोंदीत असे, आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही नसे. 1886 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी इथे गायनशाळा काढली आणि गाणं दरबाराच्या दाराबाहेर आलं. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी बेतली, म्हणजे गवयाच्या घराण्यात जन्म न घेतलेल्या पोरालाही कागदावरून सूर वाचता यावेत. आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या संगीत विभागाचं मूळ त्या शाळेत आहे. पुढे 1916 मध्ये संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच.

गाण्याचं जे झालं तेच यंत्रांचंही झालं. 1890 मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली कलाभवन सुरू झालं. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम यांसारखे विषय मातृभाषेत शिकवले पाहिजेत, हा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले ते इथेच. 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानाने ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. साधन विकत आणणं आणि साधनाची विद्या आणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी विकणाऱ्यावर सोडता येत नाही, हे त्या राज्यकारभाराला नेमकं उमजलं होतं.

पुढच्या साधनांना शाळेची तितकी गरज पडली नाही, कारण त्यांचं दुखणं डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहरजानच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण झालं आणि तबकडी भारतीय घरांत शिरू लागली. सुई बोथट झाली की आवाज घोगरा होई, चावी संपत आली की गाणं खाली बसे. आजोबा सुई बदलत, नातू चावी देई. गवई फैयाजखाँसाहेबांची आलापी तीन-साडेतीन मिनिटांत कोंबलेली ऐकताना ज्या घरांनी हळहळ केली, त्यांनाही ती मर्यादा कशाची आहे हे ठाऊक होतं. तबकडीवर तेवढीच जागा होती.

मग रेडिओ आला. 1927 च्या जुलैत मुंबई केंद्र सुरू झालं. घरात रेडिओ ठेवायला परवाना लागे आणि त्याला वर्षाला दहा रुपये पडत. 1933 च्या कायद्याने विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगणं हा गुन्हाच ठरला. बडोदे संस्थानाने स्वतःचं प्रक्षेपण केंद्र काढलं होतं. ते 1948 मध्ये आकाशवाणीकडे गेलं. म्हणजे हवेतून येणारा सूर आधी सरकारच्या खात्यात नोंदवून मगच घरात घ्यावा लागे. पोस्टात जाऊन पुस्तिकेवर तिकिटं चिकटवून आणलेली माणसं अजून वाडीत आहेत. हे परवाने सुटले ते थेट ऐंशीच्या दशकात.

पण रेडिओने एक शिक्षण फुकट दिलं. माहिती व प्रसारण खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी 1952 नंतर आकाशवाणीवरून चित्रपटसंगीताची गच्छंती केली, तेव्हा सगळा देश लघुलहरींवर रेडिओ सिलोन शोधू लागला. काटा केसभर सरकवायचा, गच्चीवरच्या तांब्याच्या जाळीची तार ओढून बघायची, पेटी खिडकीशी न्यायची. खरखर कमी झाली म्हणजे दिशा बरोबर, वाढली म्हणजे चुकली. ती खरखर म्हणजे उत्तरच असे. 1957 मध्ये विविध भारती आली तोवर एका अख्ख्या पिढीच्या बोटांना हवेचा अंदाज आला होता. आणि बोटांनी हात टेकले की चौकातला रेडिओवाला होता. तो पेटीची पाठ उघडे, काळवंडलेला व्हॉल्व्ह दाखवी, कथिलाचा ठिपका लावी. गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसून सगळं बघत असे. कॅसेट आली तेव्हा तर फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची, ही विद्या पाचवीतल्या पोरालाही अवगत होती.

ब्लूटूथ इथे वेगळा पडतो. तो बिघडतो तेव्हा काहीच बोलत नाही. खरखर नाही, जळका वास नाही, तुटलेली तार नाही. असतो तो फक्त लुकलुकणारा दिवा.

त्याची जन्मकथा मात्र ऐकण्यासारखी आहे. 1994 मध्ये स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारेवाचून जवळची यंत्रं जोडण्याचं काम सुरू केलं. 1998 मध्ये एरिक्सन, इंटेल, आयबीएम, नोकिया आणि तोशिबा एकत्र आल्या. दहाव्या शतकात डेन्मार्कवर राज्य करणाऱ्या हॅराल्ड ब्लूटूथ राजाचं नाव त्यांनी उचललं. वेगवेगळ्या टोळ्यांना एकत्र आणणारा म्हणून तो ओळखला जातो. या जोडणीची लहर 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. भारतात हा पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त झाला. जिथे रेडिओ नुसता ऐकायला परवाना लागे, तिथे आता कुणीही, कुणालाही न विचारता, आपल्या घरात छोटं प्रक्षेपण केंद्र चालवू लागला. आकाशवाणीच्या काळातल्या माणसाला हे सांगितलं असतं तर त्याने तोंडात बोट घातलं असतं.

मात्र फुकटच्या जागेत गर्दी होतेच. याच पट्ट्यात घराघरातला वायफाय बोलतो, याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह भट्टी तापते. या गर्दीतून वाट काढायला ब्लूटूथ एका वाटेवर थांबतच नाही. पट्ट्याच्या 79 बारीक वाटा करून तो सेकंदाला 1600 वेळा एकीवरून दुसरीवर उडी मारतो, आणि ज्या वाटेवर गोंगाट असेल ती टाळतो. उड्या मारत संदेश पाठवण्याच्या याच जातीच्या कल्पनेचं पेटंट 1942 मध्ये हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथिल यांना मिळालं होतं. त्यांच्या आराखड्यात 88 वाटा होत्या, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच. वाडीतल्या माणसाला हे समजावून सांगायला फार कष्ट नकोत. आमच्या पोळीत, म्हणजे अरुंद गल्लीत, समोरून स्कूटर आली की आपण ओट्यावर चढतो, गाय आली की दुसरीकडे वळतो, आणि तरीही दूध वेळेवर घरी पोचतं. हवेतही एक पोळच आहे.

हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं की दुखण्याची नावंही सापडतात. पहिलं दुखणं स्मरणाचं. दोन यंत्रं पहिल्यांदा जोडली की दोघंही एकमेकांची गुप्त किल्ली जपून ठेवतात. एकाकडची किल्ली पुसली गेली आणि दुसऱ्याकडची राहिली, तर ओळख पटत नाही. मग दोन्हीकडे ‘विसरा’ म्हणायचं आणि नव्याने जोडायचं. एकाच बाजूला विसरून भागत नाही. दुसरं दुखणं जुन्या नात्याचं. स्पीकर सुरू होताच तो बहुधा शेवटच्या सोबत्याकडे धावतो. टीव्हीचा आवाज येत नसेल तर आधी घरातले फोन बघावेत. आतल्या खोलीत झोपलेल्या मुलाच्या फोनने तो धरून ठेवलेला असतो. तिसरं दुखणं नावाचं, जे आमच्या घरी झालं. यादीत सारखी नावं दिसली तर एक स्पीकर बंद करून बघावं, नाहीतर सोय असेल तर त्याचं नाव बदलावं.

चौथं दुखणं जागेचं. टीव्हीच्या पाठीला चिकटलेल्या काडीसमोर पडद्याचा धातू आडवा येतो. काडीबरोबर आलेला छोटा जोडतुकडा लावून ती बाहेर काढली की पुष्कळदा फरक पडतो. वायफाय 5 गिगाहर्ट्झवर नेला तर पोळ थोडी मोकळी होते. काडीला वीज टीव्हीच्या खोबणीतून न देता तिच्या स्वतःच्या अडॅप्टरने द्यावी. पाचवं दुखणं गैरसमजाचं. काही यंत्रांत ब्लूटूथ असतो, पण तो फक्त रिमोटशी बोलण्यापुरता. स्पीकरला आवाज पाठवायची सोयच त्यात नसते. तिथे कितीही बटणं दाबली तरी उपयोग नाही. आणि ओठ आधी हलून शब्द मागून येत असेल, तर तो बिघाडच नव्हे. आवाज आवळून पाठवायला आणि पलीकडे उलगडायला क्षणाचा काही अंश लागतो. बऱ्याच यंत्रांत तो उशीर जुळवून घेण्याची सोय सेटिंगमध्ये असते.

यातली एकही गोष्ट पेन्सिलीने कॅसेट गुंडाळण्याहून अवघड नाही. फक्त ती कुणी शिकवलेली नाही. खोक्यातल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी असतं, आणि मराठी किंवा गुजराती क्वचितच.

यावर दोन उत्तरं हमखास मिळतात. पहिलं असं की घरातली मुलं करून देतात. देतात खरी, पण करून देणं म्हणजे शिकवणं नव्हे. वाडीतल्या अनेक घरांची मुलं आता पुण्यात, बंगळुरूत, टोरांटोत आहेत, आणि अभंगाची वेळ संध्याकाळी सातची असते. दुसरं उत्तर असं की नेटवर सगळं सापडतं. सापडतं, पण ज्याला दुखण्याचं नाव माहीत आहे त्यालाच. ‘गप्प बसलाय’ एवढंच ज्याला सांगता येतं, त्याने काय शोधायचं? पूर्वी हे नाव रेडिओवाला देत असे.

यंत्रं सुधारतील हेही खरं. एका यंत्रातून एकाच वेळी अनेकांच्या कानांत आवाज सोडणारी नवी पद्धत आली आहे. म्हणजे शंभर वर्षांनी घरातल्या घरात पुन्हा प्रक्षेपण केंद्रच. पण प्रत्येक सुधारणेबरोबर नवी यादी, नवी परवानगी, नवं ‘विसरा’ येतं. म्हणून प्रश्न यंत्राच्या पिढीचा नाही. घरातल्या यंत्राची विद्या ही सार्वजनिक गोष्ट आहे की खाजगी, असा तो आहे.

बडोद्याने या प्रश्नाचं उत्तर सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे आठवड्यातून एक दुपार एक टेबल, दोन खुर्च्या आणि मराठी-गुजराती बोलणारा एक जाणता माणूस बसवायला फार मोठा खर्च येत नाही. लोकांनी आपली काडी, आपला स्पीकर, आपला फोन पिशवीत घालून आणावा. जाणत्याने हात मागे बांधून बसावं आणि बोटं समोरच्याची चालू द्यावीत. मराठी मंडळांना, वाचनालयांना हेच करता येईल. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पाठवणाऱ्या शहराला एक टेबल जड जायला नको.

तोवर आम्ही घरापुरती सुरुवात केली. एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत सहा ओळी लिहिल्या. स्पीकर चार्ज आहे का? घरातले फोन सुटे आहेत का? दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे? यादीत नाव आपलंच आहे का? आवाज दोन्हीकडे वाढवला का? तरीही नाही, तर दोन्हीकडे विसरा आणि पुन्हा जोडा. पुठ्ठा टीव्हीशेजारी खिळ्याला टांगला. पहिल्या आठवड्यात आईने दोनदा आमची मदत मागितली, दुसऱ्यात एकदाही नाही.

परवा समोरच्या मावशी येऊन उभ्या राहिल्या. पुठ्ठा वाचता येईना, तरी बराच वेळ बघत होत्या. मग आईला म्हणाल्या, हेच आम्हाला गुजरातीत लिहून द्या. आईने चष्मा लावला आणि स्वतःच लिहायला बसली.